अकरा ओळींचा शिमगा

एखादी संख्या विषम आहे की नाही हे तिसरीतलं पोर सांगतं. दोनने भागायचं, बाकी एक उरली की विषम. संगणकालाही तेवढंच करायचं असतं आणि ते एका ओळीत होतं. तरीसुद्धा जावास्क्रिप्टवाल्यांच्या सामायिक भांडारात, म्हणजे एनपीएमवर, 'इज-ऑड' नावाचं एक तयार पॅकेज ठेवलेलं आहे. या, उचला, आपल्या प्रोग्रॅममध्ये लावा. हे पॅकेज मात्र कामाला हात लावण्याआधी 'इज-नंबर' नावाच्या दुसऱ्या पॅकेजला बोलावतं. समोर आलेली चीज मुळात संख्या आहे का, हे ठरवणं त्याच्या अखत्यारीत येत नाही. तिकडून दाखला आला की मग भागाकार. आणि सम संख्या ओळखायची असेल तर? त्याला 'इज-इव्हन' आहे ना. ते 'इज-ऑड'ला विचारतं आणि येईल त्या उत्तराच्या उलट सांगतं. दुसरं काही करत नाही.

चार ही सम संख्या आहे एवढं ठरवायला तीन पॅकेजं लागावीत, यावर सॉफ्टवेअरवाले आपापसात भरपूर हसतात. 'इज-ऑड'चे आठवड्याचे डाउनलोड लाखांत मोजतात. हसणारे आणि डाउनलोड करणारे वेगवेगळे असावेत असं मानायला माझ्याकडे काही आधार नाही.

कल्पना मुळात थोर होती. जे एकाने एकदा नीट लिहिलं ते दुसऱ्याने पुन्हा कशाला लिहायचं? केंब्रिजमध्ये 1949 साली एडसॅक हा संगणक सुरू झाला, तेव्हा मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर ही मंडळी याच विचाराने कामाला लागली होती. वर्गमूळ काढणं, आकडे छापणं असली नेहमीची कामं कागदी फितीवर भोकं पाडून ठेवायची आणि त्या फिती एका लोखंडी कपाटात लावायच्या. ज्याला हवी त्याने फीत काढावी, तिची नक्कल आपल्या फितीत उतरवून घ्यावी आणि मूळ फीत जागच्या जागी ठेवावी. 1951 पर्यंत अशी 87 कामं त्या कपाटात जमली होती. एखादी फीत चुकीची निघालीच तर ती लिहिणारा त्याच इमारतीत कुठेतरी सापडायचा, हा त्या व्यवस्थेचा मोठा गुण.

पुढे 1968 साली जर्मनीतल्या गार्मिश इथे नाटोने सॉफ्टवेअरवर परिषद भरवली. तिथे डग मॅकिलरॉय यांनी मांडलं, की यंत्रांचे सुटे भाग मिळतात तसे सॉफ्टवेअरचेही मिळाले पाहिजेत. साइन काढणारं रूटीन हवंय? किती अचूक हवं, किती चपळ हवं, किती जागेत मावलं पाहिजे ते ठरवा, कॅटलॉग उघडा, मागवा. त्यांच्या डोळ्यांसमोर कारखाने होते, विक्रेते होते. पुढच्या पन्नास वर्षांत त्यांनी सांगितलेलं बरंचसं झालं. कॅटलॉग आले, माल आला, ढिगाने आला. विकायचं तेवढं राहून गेलं.

1995 साली पर्ल भाषेवाल्यांनी सीपॅन नावाचं भांडार काढलं आणि जगभरच्या मंडळींनी रात्री जागून लिहिलेलं तिथे आणून ठेवायला सुरुवात केली, फुकट. तिथे थोडी रीतभात होती. नाव घेण्याआधी जाणत्यांना विचारावं, आपलं मॉड्यूल कोणत्या विभागात बसतं ते पाहावं. थट्टेच्या मॉड्यूलसाठी 'ॲक्मी' नावाचं वेगळं फडताळच आहे. त्यात डेमियन कॉनवे यांचं 'ब्लीच' आहे. ते तुमचा प्रोग्रॅम धुऊन पांढराशुभ्र करतं: पहिली ओळ सोडली तर पुढे एकही अक्षर दिसत नाही, नुसत्या मोकळ्या जागा, आणि प्रोग्रॅम चालतो मात्र पहिल्यासारखाच. मी आजवर वाचलेला काही कोड या अवस्थेत जास्त सुबोध झाला असता.

पायथनवाल्यांनी 2003 मध्ये आपलं भांडार उघडलं. त्याला लाडाने 'चीज शॉप' म्हणायचे. माँटी पायथन या ब्रिटिश विनोदी मंडळींचा एक प्रवेश आहे, त्यात गिऱ्हाईक एकामागून एक चीजची नावं घेत जातं आणि चीजच्या त्या दुकानात एकही चीज नसतं. पायथनच्या भांडारातही सुरुवातीला नुसती यादी होती, माल दुसरीकडे. एवढं प्रामाणिक नाव नंतर कुठल्याच भांडाराने घेतलं नाही.

एनपीएम 2010 मध्ये आलं, आयझॅक श्लुएटर यांनी काढलं, आणि रीतभातीचा प्रश्नच मिटला. जो आधी येईल त्याचं नाव. आज तिथे 20 लाखांहून जास्त पॅकेजं आहेत. त्यातल्या एकाचं नाव '-' असं आहे. होय, नुसती आडवी रेघ. आत कामाचं काहीही नाही. 2021 मध्ये कुणाच्या तरी लक्षात आलं की या पोकळ पॅकेजचे 7 लाखांहून जास्त डाउनलोड झालेत. कमांड टाइप करताना रेघ आणि तिच्या पुढचं अक्षर यांच्यामध्ये चुकून जागा सुटली, की संगणकाला वाटतं याला रेघ नावाचं पॅकेज हवंय. तो निमूट आणून देतो. त्याहून कमाल म्हणजे, पन्नासेक पॅकेजं 'आम्हाला चालायला रेघ लागते' असं लेखी जाहीर करून बसली होती. नसलेल्या गोष्टीच्या भरवशावर चाललेली कामं मी बरीच पाहिली आहेत, पण त्यांची अशी छापील यादी कधी पाहिली नव्हती.

हल्ली टाइप करतानाच चुकायला हवं असंही नाही. एआयकडून कोड लिहून घेणाऱ्यांना तो अधूनमधून अस्तित्वातच नसलेली पॅकेजं सुचवतो, तीही ठणकावून. एका संशोधकाने असं एक मनाचं नाव हेरलं, त्या नावाचं रिकामं पॅकेज पायथनच्या भांडारात खरोखरच ठेवून दिलं आणि तीन महिने गंमत पाहिली. 30 हजारांहून जास्त वेळा ते नेण्यात आलं. त्याचा हेतू चांगला होता. पुढच्याचा असेलच असं नाही.

आमच्या सोसायटीच्या गेटवर एक रजिस्टर आहे. नाव, कुठून आलात, फ्लॅट नंबर, गाडी नंबर, वेळ, सही. पार्सल घेऊन आलेला पोरगा हेल्मेटसकट वाकून ते भरत असतो, हातातली मिसळ गार होत असते आणि वॉचमनमामा इंटरकॉमवर विचारत असतात, "साहेब, एक जण आलाय, सोडू का वर?" माझ्या सख्ख्या मावशीलासुद्धा "कोणाकडं जायचंय, काकू?" हे विचारल्याशिवाय फाटक उघडलेलं नाही. याच वेळी चौथ्या मजल्यावर मी लॅपटॉप उघडून 'एनपीएम इन्स्टॉल' म्हणतो आणि चहा टाकायला जातो. चहा गाळून येईपर्यंत हजार-बाराशे पॅकेजं घरात आलेली असतात. मी बोलावलेली त्यात डझनभर. बाकीची या डझनभरांची डिपेंडन्सी, म्हणजे त्यांना चालायला लागणारी पॅकेजं, मग त्या डिपेंडन्सींची डिपेंडन्सी, अशी आत आत. कोणी लिहिली, कुठून आली, सही कुणाची, विचारायची सोय नाही. काहींना तर उंबरा ओलांडताक्षणी संगणकात हवी ती कमांड चालवायची मुभा असते. तशी व्यवस्थाच केलेली आहे.

सगळं बसवून झालं की स्क्रीनवर शेवटी दोन-तीन ओळी येतात. इतकी पॅकेजं बसवली. त्यातली इतकी 'लुकिंग फॉर फंडिंग', म्हणजे त्यांच्या कर्त्यांना कुणी चार पैसे दिले तर हवे आहेत. आणि इतक्या ठिकाणी सुरक्षेला भोकं आहेत, त्यातली इतकी गंभीर. हे वाचून जगभरचे प्रोग्रॅमर एकच करतात: स्क्रीन पुसतात. 2019 च्या सुमारास 'कोअर-जेएस' नावाचं पॅकेज बसवलं की आणखी एक ओळ यायची: या पॅकेजचा लेखक चांगल्या नोकरीच्या शोधात आहे. जगातल्या बड्या बड्या वेबसाइटी ज्याच्या कोडवर चालतात तो माणूस नोकरी मागतोय, म्हटल्यावर लोक हलले. ही ओळ दिसू नये म्हणून काय करायचं, ते त्यांनी शोधून काढलं.

आता त्या अकरा ओळी.

अझर कोचुलू नावाचा एक तुर्की प्रोग्रॅमर कॅलिफोर्नियात राहायचा. त्याचं 'किक' नावाचं एक पॅकेज एनपीएमवर होतं. 'किक' याच नावाची मेसेजिंग ॲप चालवणारी एक कॅनेडियन कंपनीही होती, तिला ते नाव हवं झालं. पत्रव्यवहार झाला, तो चढत्या आवाजात झाला, कोचुलू नाही म्हणाला. मग कंपनीने एनपीएमकडे दाद मागितली आणि एनपीएमने नाव काढून कंपनीला दिलं. कोचुलूने ठरवलं, असं असेल तर माझं काहीच इथे नको. आणि आपली अडीचशेहून जास्त पॅकेजं त्याने एका फटक्यात उचलली.

त्यात 'लेफ्ट-पॅड' होतं. ओळी अकरा. काम एवढंच, की शब्द किंवा आकडा ठरावीक लांबीचा व्हावा म्हणून डावीकडून भर घालायची. 5 चं 005 करायचं. लग्नाच्या आहेराच्या पाकिटात आपण एक रुपया घालतो, त्यालाही याहून जास्त विचार लागतो. पण या अकरा ओळी कुणीतरी आपल्या पॅकेजमध्ये लावल्या होत्या, ते पॅकेज दुसऱ्याने, ते तिसऱ्याने, आणि असं होत होत ते बेबल नावाच्या साधनापर्यंत पोचलं होतं, ज्याच्यावाचून तेव्हा कित्येक वेबसाइटींचं पान हलत नव्हतं. लेफ्ट-पॅड गेल्यावर मधली सगळी साखळी कोसळली. ज्यांनी लेफ्ट-पॅडचं नावही कधी ऐकलं नव्हतं त्यांच्या स्क्रीनवर लाल अक्षरांत आलं, की लेफ्ट-पॅड नावाचं काही भांडारात नाही.

तारीख होती 22 मार्च 2016, कॅलिफोर्नियातली दुपारची अडीचची वेळ. आपल्याकडे 23 तारखेचे पहाटेचे तीन, आणि त्याच संध्याकाळी होळी. हिंजवडीत ज्यांची त्या वेळी अमेरिकेसाठी रात्रपाळी होती त्यांनी तो रंग पाहिला असणार. होळी पेटल्यावर बोंब मारायची अशी आपली रीत. त्या वर्षी जगाने पहाटेपासूनच सुरुवात केली.

एका भल्या माणसाने घाईघाईने त्याच कामाचं लेफ्ट-पॅड पुन्हा ठेवलं, पण त्याचा व्हर्जन नंबर 1.0.0. कित्येकांच्या कागदावर लिहिलेलं होतं 0.0.3. काम तेच, नाव तेच, पण नंबर जुळत नाही म्हणून संगणक घेईनात. ही हरकत आपल्याला परकी वाटू नये. शेवटी साधारण अडीच तासांनी एनपीएमने मूळ मालकाला न विचारता जुनं लेफ्ट-पॅड बॅकअपमधून काढून परत मांडलं. मला विचाराल तर त्या दिवशी सगळ्यात कमी चूक कोचुलूची होती. ज्याने दिलं त्याने परत नेलं. त्याच्या जिवावर दुकान थाटणाऱ्यांनी निदान एकदा मागे वळून पाहायला हवं होतं, तो आहे का म्हणून. पुढच्याच वर्षी डावीकडून भर घालायची सोय खुद्द जावास्क्रिप्ट भाषेतच आली. म्हणून लेफ्ट-पॅडचे डाउनलोड थांबले असतील अशा भ्रमात राहू नका.

मग नियम झाले. ज्या पॅकेजवर दुसरं कुणी अवलंबून आहे ते मालकालाही सहजासहजी काढता येऊ नये, असं ठरलं. नियम झाला की त्याच्यावर बसणारा जन्माला येतोच. 2023 सरता सरता काही टवाळांनी 'एव्हरीथिंग' नावाचं पॅकेज काढलं, जे एनपीएमवरच्या एकूण एक पॅकेजवर अवलंबून होतं. बसवायला गेलं तर डिस्क भरून जाईल, हा त्यातला साधा विनोद. खरा विनोद त्यांच्याही नकळत झाला: आता प्रत्येक पॅकेजवर कुणीतरी अवलंबून होतं, म्हणून नियमानुसार कुणालाच आपलं काही काढता येईना. एनपीएमला मध्ये पडावं लागलं आणि टवाळांनी माफी मागितली.

उचलून नेणाऱ्यापेक्षा भीती वाटावी ती प्रेमाने देऊन टाकणाऱ्याची. 'इव्हेंट-स्ट्रीम' हे डॉमिनिक टार यांचं पॅकेज. त्यांनी ते स्वतः वापरणंही सोडलं होतं, पण जग वापरत होतं. 2018 मध्ये एका अनोळखी माणसाने इमेल केला, की तुम्हाला वेळ नसेल तर मी सांभाळतो. त्यांनी किल्ल्या देऊन टाकल्या. नव्या सांभाळकर्त्याने आत हळूच असा कोड घुसवला, जो एका ठरावीक वॉलेटमधून बिटकॉइन चोरायच्या तयारीत होता. हे उघडकीला आल्यावर लोक टार यांच्यावरच तुटून पडले: ओळखपाळख नसताना दिलंत कसं? ज्यांनी ओळखपाळख नसताना घेतलं होतं, त्यांनी हे विचारावं हे विशेष.

'एक्सझेड'चं तर याहून सावकाश झालं. फाइली दाबून लहान करण्याचं हे साधन लिनक्सच्या पोटात खोलवर बसलेलं आहे आणि ते फिनलंडचे लासे कॉलिन वर्षानुवर्षं जवळपास एकट्याने, हौसेखातर सांभाळत आले होते. 2022 च्या सुमारास त्यांच्यामागे काही नावांनी भुणभुण लावली, की कामं रखडलीत, तुम्हाला झेपत नसेल तर दुसऱ्याला द्या. त्यातलं एक नाव 'जिगर कुमार'. वाचून मला क्षणभर आपल्याकडची कॉलेजं आठवली, पण ते नाव बनावट असावं असंच सगळे मानतात. त्याच काळात 'जिया टॅन' नावाचं कुणीतरी मात्र फार मदतीचं होतं. न थकता, न चिडता, दोन-अडीच वर्षं. विश्वास बसला, किल्ल्या मिळाल्या, आणि 2024 च्या सुरुवातीला एक्सझेडमध्ये चोरदरवाजा बसला, ज्यातून जगभरचे सर्व्हर उघडता आले असते.

हे सापडलं कसं? आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला दिसलं की सर्व्हरवर लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! आपण म्हटलं असतं, आज नेट स्लो आहे, आणि खाली वडापाव खायला गेलो असतो. फ्रॉइंड खणत बसले आणि त्यांनी 29 मार्च 2024 ला सगळं जगासमोर मांडलं. दुसऱ्या दिवशी आपल्याकडे रंगपंचमी. या फुकटच्या मालाचा आणि शिमग्याचा काय ऋणानुबंध आहे तो एखाद्या पंचांगकर्त्यानेच पाहावा.

एवढं सगळं ज्यांच्या जिवावर चालतं त्यांना मदत करायला कुणी जातच नाही असं मात्र म्हणता येणार नाही. जातात, विशेषतः टी-शर्ट असेल तर. ऑक्टोबर महिन्यात 'हॅक्टोबरफेस्ट' नावाचा उत्सव असतो. 2020 मध्ये त्याचा नियम होता, की कुठल्याही खुल्या प्रकल्पांना चार दुरुस्त्या सुचवा आणि टी-शर्ट मिळवा. आपल्याकडच्या एका लोकप्रिय व्हिडिओत दुरुस्ती कशी पाठवायची हे सोदाहरण दाखवलं होतं. उदाहरण म्हणून माहितीपत्रकात 'अमेझिंग प्रोजेक्ट' एवढे दोन शब्द घातले होते. झालं. जगभरच्या प्रकल्पांवर 'अमेझिंग प्रोजेक्ट'चा पाऊस पडला. प्रकल्प सांभाळणारे थकलेले मेंटेनर सकाळी उठून पाहतात तो शंभर जणांनी कळवलेलं, की तुमचा प्रकल्प अमेझिंग आहे, आणि प्रत्येकाला वेगळं नाही म्हणायचं. आयोजकांनी थोड्याच दिवसांत नियम बदलले. पोरांना हसण्यात अर्थ नाही. आठ शब्दांत कॉटनचा टी-शर्ट घरपोच मिळत असेल तर तो सोडणारा माणूस माझ्या तरी पाहण्यात नाही.

राहता राहिले पैसे. आमच्या ऑफिसात एकदा सर्वानुमते ठरलं, की तारखा नीट दाखवणारं जे पॅकेज आपण इतकी वर्षं वापरतोय, त्याच्या युरोपातल्या कर्त्याला कंपनीतर्फे काही रक्कम पाठवायची. मी अर्ज घेऊन अकाउंट्सला गेलो. मॅडमनी तो दोनदा वाचला.

"व्हेंडर रजिस्ट्रेशन झालंय का यांचं?"

"मॅडम, ते व्हेंडर नाहीत."

"मग पैसे कशाचे? लायसन्स फी?"

"नाही, फुकट आहे. कुणीही वापरावं."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे वस्तू फुकट आहे, त्यांनी बिल पाठवलेलं नाही, मागणीही नाही, आणि तुम्हाला द्यायचेत. ऑडिटला मी काय सांगू, सर?"

त्या मनाने वाईट नाहीत. त्यांनी खरंच मार्ग शोधला. किरकोळ खर्चात, चहापाण्याखाली टाकता येईल म्हणाल्या. पण चहाचं बिल जोडावं लागेल, आणि एवढ्या रकमेचा चहा आमच्या मजल्याने वर्षभरात घेतलेला नाही. मग उरला सरळ रस्ता.

"तीन कोटेशन्स लावा."

"कशाची?"

"याच कामाची. दोन अजून पार्ट्यांकडून घ्या. सगळ्यात कमी दर कुणाचा ते बघायला नको?"

"मॅडम, यांचाच दर शून्य आहे. याहून कमी कोण देणार?"

"अहो, मग अडलंय कुठे! हेच एल-वन, सगळ्यात कमी दराचे." त्यांनी कीबोर्ड पुढे ओढला आणि मोठ्या उत्साहाने परचेस ऑर्डर काढली. दुपारपर्यंत ती सही-शिक्क्यानिशी माझ्या टेबलावर होती. रुपये शून्य फक्त, अधिक अठरा टक्के जीएसटी.